वाकळीने शिकविलेली नक्षीची संगती

गृहविज्ञानाच्या तासाला गृहसजावटीचा पाठ चालू होता. फुलांचा पडदा, चौकड्यांची चादर आणि पट्ट्यांची सतरंजी एकाच खोलीत कशी नांदवावी, हा त्या दिवसाचा विषय. सर्वजणी वहीत उतरवून घेत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमच्या घरची वाकळ उभी राहिली. शहरात अशा सल्ल्यासाठी पैसे मोजतात. आमच्या इस्लापूर भागात हेच काम दुपारच्या वेळी ओसरीवर सुईदोऱ्याने होत आले आहे. त्यातील नियम माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे मांडते.

प्रथम माझी फजिती सांगते. घरकुल मंजूर होऊन आमचे दोन खोल्यांचे पक्के घर उभे राहिले. कापूस वेचणीच्या पैशांतून मी आठवडी बाजारातून तीन वस्तू आणल्या. तांबड्या मोठ्या फुलांचा पडदा, निळ्यापिवळ्या मोठ्या चौकड्यांची चादर आणि हिरव्या रुंद पट्ट्यांची सतरंजी. प्रत्येक वस्तू दुकानात सुरेख दिसली होती. घरात मांडल्यावर शेजारची काकू उंबऱ्यातूनच म्हणाली, "काय गं, कापडाचं दुकान टाकलाव का काय?"

माय काही बोलली नाही. तिने चादर पेटीत टाकली आणि बाजेवर आपली जुनी वाकळ अंथरली. सतरंजीत एक बारीक तांबडी रेघ होती. ती वर येईल अशी घडी घालून पेटीवर ठेवली. पडदा तसाच राहू दिला. खोली एकदम शांत झाली. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "समदेच बोलाय लागले तर आयकायचं कोनी?"

माझ्या मते या एका वाक्यात सगळा पाठ आला. त्याची फोड अशी करता येईल.

पहिला नियम आकाराचा. एक नक्षी मोठी, दुसरी मध्यम, तिसरी बारीक असावी. मायच्या वाकळीत मधोमध मोठ्या फुलांच्या लुगड्याचा तुकडा आहे, त्याच्याभोवती बाबांच्या लुंगीच्या चौकड्या आणि कडेला चोळीच्या खणाची बारीक नक्षी. दोन मोठ्या नक्ष्या तिने कोठेही शेजारी ठेवलेल्या नाहीत. मी मात्र तिन्ही मोठ्याच आणल्या होत्या.

दुसरा नियम रंगाचा. नक्ष्या कितीही निराळ्या असोत, एक रंग सर्वांत फिरला पाहिजे. आजीच्या इरकली लुगड्याचे तांबडे काठ वाकळीच्या चारही बाजूंना आहेत आणि तोच तांबडा मधल्या फुलांतही आहे. किनवट तालुक्यातील बंजारा तांड्यांवर वयस्क स्त्रियांचा फेटिया आणि कांचळी पाहावी. आरसे, कवड्या, भरतकाम, ठिगळकाम असे सारे एकत्र असूनही त्याचा गोंधळ होत नाही, कारण खालचा तांबडा रंग सर्वांना धरून असतो.

तिसरा नियम विसाव्याचा. नक्षीला शेजारी साधा भाग हवा. वाकळीत हे काम जुन्या धोतराचे पांढरे तुकडे करतात. घरात ते कोऱ्या भिंतीने किंवा मोकळ्या फरशीने होते. भिंत भरलीच पाहिजे, असा हट्ट नको.

चौथा नियम दोऱ्याचा. वाकळीसाठी खाली अस्तर अंथरतात, त्यावर जुन्या सुती कपड्यांचे थर देतात, आणि कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घालतात. हीच ओळ फुलांवरून, चौकड्यांवरून सारखीच जाते आणि विजोड तुकड्यांना एका घरचे करते. खोलीतही असा दोरा लागतो. पडद्याला आणि उशीच्या अभ्र्याला एकाच लुगड्याचा काठ लावला तरी पुरे.

अशी जाण केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे खेडे आहे. कापसाच्या मळ्यातील गुलामांच्या वंशातील कृष्णवर्णीय स्त्रिया तेथे कामाच्या विटलेल्या कपड्यांतून गोधड्या शिवत आल्या. 2002 साली ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत त्या गोधड्या मांडल्या गेल्या, आणि 2006 साली त्यांच्यावर टपाल तिकिटेही निघाली. थंडीसाठी शिवलेल्या वस्तूला जगाने कला म्हटले.

हे वाचले तेव्हा मला आनंदापेक्षा लाज अधिक वाटली. पहिल्या वर्षी खोली करून राहायला निघाले, तेव्हा मायने हीच वाकळ बांधून दिली होती. मैत्रिणी हसतील म्हणून मी ती परत ठेवली आणि दुकानातली चादर घेतली. माय एवढेच म्हणाली, "ऱ्हाऊ दे, घरी कामाला येईल."

घरकुलाच्या कागदावर मायने अंगठा उठविला. सजावटीच्या नियमांवर उत्तर लिहून गुण मात्र मला मिळाले. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, तो मी ओवून देते. पण कोणता तुकडा कोणाशेजारी बसवायचा हे अजून तीच ठरविते. ते मी नीट विचारून घेतले नाही, तर कोणत्याही पुस्तकात मला ते सापडणार नाही.

माझ्या भगिनींना व बंधूंना विनंती एवढीच, की सुट्टीत घरी गेल्यावर आपली वाकळ उजेडात उलगडून पाहावी आणि शिवणारीला एकेका तुकड्याचे कारण विचारावे. यंदा माझ्या खोलीवर ती वाकळ आहे. मैत्रिणी हसल्या नाहीत. एकीने तर खणाचा तुकडा कोठला, असे विचारले.