शीर सापडत नाही तेव्हा



सुईची भीती हा काय लेख लिहिण्याचा विषय आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण सातपुड्यात सिकलसेलच्या मुलांचे रक्त घेण्याचे काम करता करता मला हा विषय औषधाइतकाच महत्त्वाचा वाटू लागला आहे. त्यामागचे कारण समजायला आधी आजार थोडा समजून घ्यावा लागेल.

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. यात तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते. शरीरात पाणी किंवा प्राणवायू कमी पडला, ताप आला, थंडी बाधली, की एरवी गोल आणि लवचिक असणारी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. मग हाडे आणि सांधे असे दुखतात की धडधाकट दिसणारे पोर जमिनीवर लोळते. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात त्या १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आढळल्या. आपल्या राज्यात नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांत हा आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असे उद्दिष्ट तेव्हा ठरवले होते.

पहिली चाचणी बोटाच्या टोकातल्या थेंबावर होते. ती बहुतेक मुले सहन करतात. खरा प्रश्न पुढे येतो. आजार आहे असे ठरल्यावर अनेक मुलांना हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू होते. औषध चांगले आहे, दुखण्याचे झटके कमी करते. पण ते पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही खाली आणू शकते. म्हणून सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी शिरेतून रक्त घेऊन पेशी मोजाव्या लागतात. मोजल्याशिवाय डॉक्टर औषध पुढे चालू ठेवायला कचरतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. म्हणजे मुलाने सुईच्या भीतीने दवाखान्याकडे पाठ फिरवली की महिन्या-दोन महिन्यांत औषधही थांबते. त्यात दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला, कामाला गुजरातकडे निघून जातात. आधीच भेटी मोजक्या, आणि त्यातली एक भीतीपायी वाया जाते.

या मुलांच्या शिरा अवघडही असतात. लहानपणापासून दर झटक्याला सलाईन लागलेले असते. त्याच त्याच जागी सुया टोचून शिरा जाड, कडक झालेल्या असतात. अंगात पाणी कमी असले तर त्या आणखी चपट्या होतात. तेव्हा भीती आणि अवघड शीर या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. शीर मिळत नाही म्हणून पुन्हा टोचावे लागते, पुन्हा टोचले म्हणून भीती वाढते, भीतीने हातपाय गार पडतात, आणि गार हाताची शीर आणखी आत जाते.

आश्रमशाळेतली आठवीची एक मुलगी आमच्याकडे येते. पहिल्यांदा आली तेव्हा कापसाचा बोळा पाहूनच ती दाराकडे पळाली. ती लहान असताना कुठल्याशा दवाखान्यात चार जणांनी तिला खाटेवर आडवे दाबून धरले होते आणि पाच वेळा टोचले होते. तेव्हाची सुई तिला फारशी आठवत नाही. छातीवर दाबलेला हात आठवतो. हे तिने स्वतः मला सांगितले, पण तीन भेटींनंतर. पहिल्या भेटीत मी रक्त घेतलेच नाही. मुलाला ताप नाही, झटका नाही, तातडी नाही, तर एक दिवस थांबण्याने काही बिघडत नाही; जबरदस्तीने मात्र पुढची दहा वर्षे बिघडतात.

मुलांना आडवे पाडून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर किंवा तिला टेकून बसवावे. बसलेल्या मुलाला आपल्यावर कोणी चाल करून येते आहे असे वाटत नाही. आईने एका हाताने कवेत घ्यावे, दुसऱ्याने कोपर स्थिर ठेवावे. अंगावरचे बाळ असेल तर पाजतानाच टोचावे. त्याला वेदना कमी जाणवतात. थोड्या मोठ्या मुलाला फुंकर मारायला सांगावे. मी कागदाची भिरभिरी ठेवली आहे, ती फिरली पाहिजे अशी अट घालते. आठवीच्या मुलीला भिरभिरी देऊन भागत नाही, तिच्याशी होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराबद्दल बोलावे लागते. तिथे तिने काय घेतले, कोणत्या गावचा ढोल मोठा होता, हे ती सांगत असते आणि नळी भरत असते.

‘काही दुखणार नाही’ असे सांगू नये. दुखते. एकदा खोटे पकडले गेले की पुढचे खरेही कोणी मानत नाही. ‘टोचेल, तीन आकडे मोजेपर्यंत दुखेल, मग नुसते ओढल्यासारखे वाटेल’ एवढे पुरे. ‘घाबरू नकोस, घाबरू नकोस’ हा जपही बंद करावा; त्याने मूल अधिक बावरते, कारण घाबरण्यासारखे काही आहे हे त्याला आपणच सांगत असतो. आणि ‘एवढा मोठा झाला आणि रडतो?’ हे वाक्य तर दवाखान्याच्या दाराबाहेरच ठेवून यावे. पुरुषांना हे फार ऐकावे लागते, म्हणून ते शिबिराला येतच नाहीत.

पाड्यावर आणखी एक भीती असते, ती सुईची नसून रक्ताची असते. गेलेले रक्त परत येत नाही, ते बाहेर विकले जाते, असे बोलले जाते. एका आईने तर मला अगदी रास्त प्रश्न विचारला, ‘ताई, पोरीच्या अंगात रक्त कमी म्हणता, मग तेच काढता कशाला?’ मुदत संपलेली एक नळी मी यासाठीच वेगळी ठेवली आहे. तिच्यात दोन मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरून ते चहाच्या चमच्यात ओतायला सांगते. चमचा अर्धाही भरत नाही. वीस किलोच्या मुलाच्या अंगात सुमारे दीड लिटर रक्त असते हेही सांगते, पण चमच्याचे काम आकड्याने होत नाही. आशाताई शेजारी बसून तेच त्यांच्या बोलीत सांगतात तेव्हा अर्धी लढाई तिथेच संपते.

आता चक्कर येणाऱ्यांविषयी. ही मंडळी केवळ घाबरट नसतात. साध्या भीतीत छाती धडधडते, रक्तदाब चढतो. रक्त आणि सुई पाहून घेरी येणाऱ्या माणसात मात्र नाडी आणि दाब आधी चढतात आणि मग एकदम कोसळतात; मेंदूला रक्त कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, पुष्कळदा घराण्यातच चालत आलेली. यांना ‘शांत हो, अंग सैल सोड’ सांगणे उलटे पडू शकते, कारण सैल पडल्याने दाब आणखी उतरतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात यावर एक साधा उपाय घडवला. मांड्या, पोट, दंड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सोडायचे, पण पूर्ण ढिले पडायचे नाही. असे पाच वेळा. घरी आठवडाभर सराव करून यावे आणि सुई टोचताना पाय व पोट आवळावे. ज्या हातातून रक्त घ्यायचे तो तेवढा सैल ठेवावा. ज्याला पूर्वी घेरी आलेली आहे त्याने आधीच तसे सांगून आडवे पडूनच रक्त द्यावे. त्यात कमीपणा नाही, आणि आमचा तर जीव खाली पडतो. कारण खुर्चीवरून पडलेल्याचे डोके फुटण्याची भीती सुईपेक्षा कितीतरी मोठी असते.

मंडळीतले जे बंधुभगिनी रक्तदान करतात त्यांनाही हेच उपयोगी आहे. रक्त देण्याच्या थोडे आधी अर्धा लिटर पाणी प्यावे आणि सुई काढेपर्यंत अधूनमधून मांड्या आवळाव्यात.

शीर न मिळणाऱ्यांसाठी पाणी हाच पहिला उपाय. उपाशीपोटी साखर तपासायची असली तरी साधे पाणी चालते. चहा मात्र नाही. आमचे कितीतरी वयस्क मधुमेही रात्रीपासून पाण्याचा घोटही न घेता येतात आणि मग हात चाळणीसारखा करून घेतात. दुसरा उपाय ऊब. डोंगरात हिवाळ्याच्या सकाळी शिबिर लवकर लावले की एकाचीही शीर वर येत नाही. आम्ही दहानंतर सुरू करतो; मुले उन्हात बसतात, पाणी पितात, कोमट पाण्यात पिळलेले फडके चार-पाच मिनिटे कोपरावर ठेवतो, हात खाली लोंबता ठेवतो. कोणी बर्फ लावून जागा बधिर करायला सुचवतात. सिकलसेलच्या मुलांना ते नको, थंडीनेच त्यांचा झटका सुरू होऊ शकतो. बधिर करणारे मलम मिळते, ते तासभर आधी लावून झाकून ठेवावे लागते. पण जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळांसाठी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

रक्त घेणाऱ्यांसाठीही थोडे लिहिते, कारण ही पत्रिका आमच्या परिचारिका विद्यार्थिनीही वाचतात. दंडाचा पट्टा एका मिनिटाच्या आत सुटला पाहिजे. जास्त वेळ राहिला की दुखते ते वेगळेच, पण चाचणीचे आकडेही बदलतात. मूठ एकदा मिटली की पुरे. उघडमीट करायला लावली की पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते. शिरेवर चापट्या मारू नका. डोळ्यांनी दिसणाऱ्या निळ्या रेषेपेक्षा बोटाला लागणारी, दाबली की उसळणारी शीर भरवशाची असते, आणि सावळ्या कातडीच्या आपल्या मुलांत तर बोटच डोळा. म्हाताऱ्या माणसांची शीर पळते; तिच्या खालची कातडी अंगठ्याने खाली ताणून धरा. कोपराच्या आतल्या, शरीराकडच्या बाजूची शीर सर्वांत शेवटी घ्या, कारण तिच्याजवळून धमनी आणि मज्जातंतू जातात. मुलांना तेवीस नंबरची बटरफ्लाय सुई वापरा. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आणि दोनदा चुकले की हात आखडता घ्या व दुसऱ्या कोणाला बोलवा. तिसऱ्यांदा आपणच घेऊ हा हट्ट कोणाच्याच कामाचा नाही.

रक्त घेतल्यावर कोपर दुमडून बसण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. त्याने काळेनिळे होते. हात सरळ ठेवून दोन-तीन मिनिटे बोळा दाबून धरावा. काळे झालेच तर ते आठ-दहा दिवसांत जाते, पण पुढची तपासणी दुसऱ्या हातातून करायला सांगावे.

शिबिराला मदतीस येणाऱ्यांना माझी विनंती आहे की खाऊ नंतर वाटा, पण पाणी आधी पाजा. ज्यांचे झाले ते आणि ज्यांचे व्हायचे ते, अशा दोन रांगा एकमेकांना दिसणार नाहीत अशा बसवा. एकाचे रडणे वीस जणांत पसरते. छायाचित्र काढायचेच तर सुईच्या वेळी नको, मुलाला विचारून आणि नंतर.

आठवीच्या त्या मुलीच्या नोंदवहीत पहिल्या पानावर आम्ही एक चिठ्ठी चिकटवली आहे. मजकूर तिने सांगितला, अक्षर माझे: उजवा हात. कोपराच्या मधली नाही, बाहेरच्या बाजूची शीर. लहान सुई. बसून. टोचताना सांगा, पण सुई दाखवू नका. कोणी धरू नका. गेल्या खेपेला मी सुटीवर होते आणि तालुक्याहून नवीन सिस्टर आल्या होत्या. त्यांनी पट्टा काढला तेव्हा मुलीने वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, ‘आधी हे वाचा.’