जुने गेम कन्सोल आणि नवे टेलिव्हिजन

जुनें यंत्र नव्या यंत्रास जोडतांना येणारी अडचण केवळ तारेची असते, असा पुष्कळांचा समज आहे. योग्य तार मिळाली, ती नीट बसली आणि पडद्यावर कांहींतरी हलूं लागलें, कीं काम फत्ते झालें असें त्यांस वाटतें. वस्तुतः ही अडचण तारेची नसून भाषेची आहे. परस्परांची भाषा न जाणणारीं दोन माणसें एका खोलींत बसविलीं म्हणून त्यांचें संभाषण होत नाहीं; मध्यें दुभाषी लागतो. आणि दुभाषी अर्धवट असला, तर त्याच्या चुकीचें खापर बिचाऱ्या वक्त्याच्या माथीं फुटतें. जुन्या व्हिडिओ गेमच्या कन्सोलांची आज अशीच अवस्था झाली आहे. त्यांस आजच्या टेलिव्हिजनला कसें जोडावें, आणि तोच खेळ इंटरनेटवरून दूरच्या प्रेक्षकांस थेट कसा दाखवावा, ह्याचा विचार आम्ही ह्या लेखांत करणार आहों.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, जुना खेळ खेळावयाचाच असेल तर तो नव्या रूपांत विकत घ्यावा. माळ्यावरील यंत्र खालीं काढण्याचा खटाटोप कशास? आक्षेप रास्त दिसतो, परंतु वस्तुस्थिति निराळी आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन ह्या संस्थेनें २०२३ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेंत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं सुमारें ८७ टक्के खेळ आतां बाजारांत नव्यानें विकत मिळत नाहींत, असें तींत आढळून आलें. म्हणजे बहुतेक जुने खेळ मूळ यंत्रें व मूळ कॅसेटी ह्यांच्याच आधारानें तग धरून आहेत. अशा खेळाचें थेट प्रक्षेपण पाहणाऱ्या शेंकडों तरुणांस त्या खेळाचें जें दर्शन घडेल, तेंच त्यांच्या दृष्टीनें सत्य ठरेल. तें दर्शन विकृत असल्यास मूळ कर्त्यांवर अन्याय होतो.

आमच्या वाचकांस ह्या यंत्रांची ओळख नाहीं असें नाहीं. निन्टेंडो कंपनीचें फॅमिकॉम हें यंत्र जपानांत १९८३ सालीं विक्रीस आलें. त्याच्या अनधिकृत नकला १९९० च्या दशकांत आपल्या बाजारांत स्वस्तांत मिळत, आणि त्यांत घालावयाच्या खेळांच्या पेट्यांस मुलें 'कॅसेट' म्हणत. तेव्हां उदाहरणासाठीं आम्ही मुख्यत्वें ह्याच यंत्राचा आधार घेतों.

प्रथम जुनें चित्र कसें उमटे तें पाहूं. काचेच्या पिक्चर ट्यूबमध्यें इलेक्ट्रॉनांचा किरण पडद्याच्या आंतल्या बाजूवर डावीकडून उजवीकडे एकेक रेषा ओढीत वरून खालीं जातो. जपान व अमेरिका येथील एनटीएससी पद्धतींत पूर्ण चित्राच्या ५२५ रेषा असत. त्या एकदम न ओढतां दोन हप्त्यांत, म्हणजे प्रथम एकाआड एक आणि नंतर मधल्या, अशा ओढल्या जात. आणि असे सुमारें ६० हप्ते दर सेकंदास होत. आपल्याकडील पाल पद्धतींत ६२५ रेषा व सेकंदास ५० हप्ते असत. कन्सोलच्या कर्त्यांनीं ह्यांत एक युक्ति योजिली. त्यांनीं दोन्ही हप्ते त्याच त्या रेषांवर पाडले. त्यामुळें सुमारें २४० रेषांचें संपूर्ण चित्र सेकंदास ६० वेळां मिळूं लागलें, आणि मधल्या रेषा काळ्या राहिल्या. ह्या चित्रास आज २४०पी म्हणतात. हालचालीची जी सफाई जुन्या खेळांत दिसे, तिचें मूळ ह्या युक्तींत आहे.

नव्या टेलिव्हिजनांत किरणहि नाहीं आणि रेषाहि ओढल्या जात नाहींत. तेथें १९२० गुणिलें १०८०, किंवा ३८४० गुणिलें २१६० अशा ठराविक बिंदूंची जाळी असते, आणि येणारें प्रत्येक चित्र त्या जाळींत बसवावें लागतें. जुन्या कन्सोलचा संकेत आला म्हणजे बहुतेक नवे संच त्यास ४८० रेषांच्या चित्राचा अर्धा हप्ता समजतात, आणि लागोपाठचीं दोन स्वतंत्र चित्रें एकत्र विणूं पाहतात. परिणामीं धांवणाऱ्या पात्राच्या कडेस फणीसारखे दांते येतात आणि सूक्ष्म रेखाटन पुसट होतें.

दुसरा परिणाम वेळेचा. एका चित्रास सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारें १६.७ मिलिसेकंद लागतात. टेलिव्हिजननें हें विणकाम व सजावट करण्यासाठीं चार-पांच चित्रें अडवून धरलीं, तर बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत सुमारें ६७ ते ८३ मिलिसेकंद अधिक जातात. खड्ड्याच्या कांठावर येऊन उडी मारणाऱ्या खेळाडूस एवढा विलंब पुरेसा घातक होतो. आपला हात बिघडला असें त्यास वाटतें. खरें पाहतां हात वेळेवर चालला होता, चित्र मागें राहिलें होतें.

ह्या विलंबाचें सर्वांत बोलकें उदाहरण १९८४ च्या 'डक हंट' ह्या बदकांच्या शिकारीच्या खेळांत सांपडतें. त्यांतील बंदुकींतून कांहींच बाहेर पडत नाहीं. उलट तिच्या नळींत प्रकाश ओळखणारा एक घटक असतो. चाप ओढतांच पडदा क्षणभर काळा होतो, व पुढच्याच चित्रांत बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटतो. नेमक्या त्या क्षणीं नळीस प्रकाश दिसला तर नेम लागला असें यंत्र धरतें. नव्या पडद्यावर पांढरा चौकोन उशिरां येतो, म्हणून नेम अचूक असूनहि बदक उडून जातें. शिवाय बंदुकीची रचना पिक्चर ट्यूबच्या किरणाच्या गतीस जुळवून केलेली असते. सबब हा खेळ मूळ साधनांनिशीं खेळावयाचा तर जुना संचच हवा. कोणताहि दुभाषी येथें उपयोगीं पडत नाहीं.

आतां प्रत्यक्ष जोडणीकडे वळूं. सर्वांआधीं विजेचा विचार करावा. जपानी यंत्राचा अडॅप्टर १०० व्होल्टांचा, अमेरिकेंतील १२० व्होल्टांचा, आणि आपल्या भिंतींतील वीज २३० व्होल्टांची असते. मध्यें योग्य ट्रान्स्फॉर्मर न घालतां तो अडॅप्टर लावल्यास तो जळणें ठरलेलेंच. तसेंच एका यंत्राचा अडॅप्टर दुसऱ्यास केवळ बसतो म्हणून लावूं नये. निन्टेंडोच्याच अमेरिकन एनईएस यंत्राचा अडॅप्टर ९ व्होल्टांची उलटसुलट वाहणारी वीज देतो, तर जपानी फॅमिकॉमला एकाच दिशेची वीज लागते. अडॅप्टरवरील आंकडे व खुणा वाचल्यावांचून बटण दाबूं नये, आणि जुना टेलिव्हिजन तर कधींहि उघडूं नये. बंद केल्यावरहि त्याच्या नळींत प्राणघातक दाबाची वीज शिल्लक असूं शकते.

नंतर संकेताची निवड. अँटेनाच्या वाटेनें येणारा आर. एफ. संकेत सर्वांत कनिष्ठ, कारण त्यांत चित्र व ध्वनि दोन्ही एका लहरींत कोंबलेले असतात. पिवळ्या टोंकाची काँपोझिट तार त्याहून बरी; तींत ध्वनि वेगळा होतो, परंतु रंग व उजेड मिसळलेलेच राहतात. एस-व्हिडिओंत तेहि वेगळे होतात, आणि आर. जी. बी. मध्यें तांबडा, हिरवा व निळा हे रंग स्वतंत्र तारांनीं येतात. मूळ फॅमिकॉम केवळ आर. एफ. देतें, एनईएस काँपोझिटहि देतें, सुपर फॅमिकॉम व सेगाचें मेगा ड्राइव्ह ह्यांतून आर. जी. बी. मिळूं शकतो. आपलें यंत्र जो उत्तमांत उत्तम संकेत देऊं शकेल तो घ्यावा.

हे सर्व संकेत ॲनालॉग आहेत, आणि नव्या संचाचें एचडीएमआय द्वार डिजिटल आहे. येथेंच दुभाषी लागतो. बाजारांतील स्वस्त कन्व्हर्टर चित्र दाखवितात खरे, पण त्यांतील पुष्कळसे २४०पी संकेताचा वर सांगितलेलाच गैरसमज करून घेतात. ओएसएससी व रेट्रोटिंक ह्या नांवांनीं मिळणारीं साधनें खास जुन्या कन्सोलांसाठीं केलेलीं आहेत. ओएसएससी पूर्ण चित्राची वाट न पाहतां आलेली रेषा तेथल्या तेथें दोन, तीन, चार वेळां पुन्हां लिहितें. एक रेषा सेकंदाच्या सुमारें पंधरा हजार सातशेव्या भागांत पुरी होत असल्यानें त्याचा विलंब नगण्य असतो. मात्र जुन्या यंत्रांची गति तंतोतंत ६० नसते, म्हणून असा संकेत कांहीं टेलिव्हिजन स्वीकारीत नाहींत. तेथें चित्र सांठवून नियमित गतीनें पुढें देणारें साधन घ्यावें, आणि त्याचा अल्पसा विलंब सोसावा.

विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करावें. २४० ला ३ नीं गुणिलें तर ७२० येतात व ९ नीं गुणिलें तर बरोबर २१६०. परंतु १०८० ला २४० नीं भागिलें तर साडेचार येतात. अर्धी रेषा काढतां येत नाहीं, म्हणून कांहीं रेषा जाड व कांहीं बारीक होतात. अशा पडद्यावर चौपट करून ९६० रेषा घ्याव्या, आणि वर व खालीं साठ-साठ रेषांची काळी पट्टी सोडावी, हें उत्तम. रुंदीचेंहि असेंच. जुना पडदा चारास तीन ह्या प्रमाणाचा होता. १०८० उंचीस त्याची रुंदी १४४० भरते. उरलेले ४८० बिंदु दोहों बाजूंस काळे राहूं द्यावे. पडदा भरावा म्हणून चित्र ताणल्यास चेंडूचें अंडें होतें! टेलिव्हिजनमधील 'गेम मोड' चालू करावा, म्हणजे संच सजावटीचें बरेंचसें काम सोडून देतो व विलंब घटतो.

शेवटीं प्रक्षेपण. दुभाष्याकडून येणारा एचडीएमआय संकेत दोन वाटांनीं न्यावा : एक टेलिव्हिजनकडे, दुसरी कॅप्चर कार्डांतून संगणकाकडे. फांटा दुभाष्याच्या पुढें फोडावा. पिवळ्या तारेसच साधा दुतोंडी जोड लावल्यास संकेत विभागला जाऊन चित्र अंधुक होतें. खेळाडूनें सदैव टेलिव्हिजनकडेच पाहून खेळावें. संगणकावरील चित्र उशिरां येतें, तें केवळ प्रेक्षकांसाठीं आहे. संगणकावर ओबीएस स्टुडिओ हा विनामूल्य प्रोग्रॅम ह्या कामीं येतो. त्यांत चित्र मोठें करतांना पूर्णांकाचीच पट ठेवावी.

येथें एक नियम आम्ही आग्रहानें सांगतों : प्रक्षेपण सेकंदास ६० चित्रांचें ठेवावें, ३० चें नव्हे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' मध्यें मोठ्या मारिओस शत्रूचा धक्का लागला म्हणजे तो लहान होऊन लुकलुकतो, म्हणजे एका चित्रांत दिसतो व दुसऱ्यांत दिसत नाहीं. एकाआड एक चित्र गाळलें तर प्रेक्षकांस मारिओ एक तर मुळींच दिसणार नाहीं, नाहीं तर जराहि न लुकलुकतां दिसेल. जें कर्त्यानें योजिलें तें दोहोंपैकीं एकाहि प्रकारीं पोंचत नाहीं. ज्यांचें यंत्र पाल पद्धतीचें असेल त्यांनीं ६० च्या जागीं ५० समजावें.

ध्वनीची जुळणी अशी करावी. टेलिव्हिजनचा आवाज मोठा ठेवून मायक्रोफोन चालू करावा व थोडें ध्वनिमुद्रण घ्यावें. उडीचा एकच आवाज दोनदां ऐकूं येईल : आधीं मायक्रोफोनांतून, मग कॅप्चर कार्डांतून. दोहोंतील अंतर मिलिसेकंदांत मोजून तितका विलंब मायक्रोफोनला द्यावा, आणि प्रक्षेपणाचे वेळीं कानांस हेडफोन लावावे, म्हणजे तो प्रतिध्वनि प्रेक्षकांकडे जाणार नाहीं.

हा सर्व खटाटोप एका दिवसांत साधेल असें नाहीं. ज्यांस महाग साधन परवडत नाहीं त्यांनीं निराश होऊं नये; गेम मोड, चारास तीन प्रमाण व बरी तार ह्या तीन गोष्टींस बहुधा वेगळा खर्च पडत नाहीं किंवा थोडाच पडतो, आणि फरक लागलीच दिसतो. जवळपास कोणाकडे जुना पिक्चर ट्यूबचा संच चालू स्थितींत असेल तर तो भंगारांत जाण्यापूर्वीं त्यावर एकदां तोच खेळ लावून पाहावा. मूळ चित्र डोळ्यांसमोर असल्यावांचून भाषांतर बरोबर झालें कीं नाहीं हें कोणासहि सांगतां यावयाचें नाहीं.