नवखा पुन्हा आला पाहिजे!

आपल्या फॉर्म्युला स्टुडंट टीममुळे 'ऑटोक्रॉस' हा शब्द होस्टेलवर आता बहुतेकांना ठाऊक आहे. मोकळ्या डांबरी मैदानावर कोन मांडून वळणावळणाचा ट्रॅक आखायचा, गाड्या एकेक करून सोडायच्या आणि वेळ मोजायचा. कोन पाडला की दोन सेकंद दंड. अमेरिकेत हाच खेळ हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी आपल्या रोजच्या गाडीने खेळतात. १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, याचे नियम ठरवतो. तिथलं त्याचं नाव 'सोलो'.

एमएस करताना मीही एकदा माझी सेकंडहँड सिव्हिक घेऊन गेलो. आधीच्या मालकाने तिला बाजारातला मोठा एअर इनटेक बसवला होता. तपासणीवाल्या काकांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "ही 'स्ट्रीट'मध्ये बसत नाही." झालं! मला टाकलं वरच्या वर्गात. तिथल्या गाड्यांच्या स्प्रिंगपासून सगळं बदललेलं. मी शेवटचा, आणि तोही सहा-सात सेकंदांनी. पन्नास सेकंदांच्या ट्रॅकवर म्हणजे हे व्हायव्हात नापास होण्यासारखंच. पुन्हा जायचं नाही, असंच ठरवलं होतं.

मग चिडून नियम वाचायला घेतले, आणि काकांचं बरोबर होतं. 'स्ट्रीट'मध्ये शॉक ॲबसॉर्बर बदलता येतात, पुढचा किंवा मागचा एकच अँटीरोल बार बदलता येतो, एअर फिल्टरचा आतला कागदही बदलता येतो. पण त्याचा डबा आणि पाइप कंपनीचाच हवा. हेतू एवढाच, की घरची गाडी घेऊन आलेल्याला समोर तशीच गाडी दिसावी. २०१४ पर्यंत या गटाला 'स्टॉक' म्हणत. तेव्हा गाडी जवळजवळ कंपनीचीच, पण टायर मात्र रेसिंगचे चालत. मुरलेले लोक वेगळी चार चाकं घेऊन यायचे, ते महागडे रबर भराभर झिजायचे, आणि नवखा गाडी सुरू करण्याआधीच हरलेला असायचा. २०१४ साली नाव बदललं, आणि ते टायरही बंद झाले. माझ्या मते नवख्यांसाठी एवढा उपयोगी नियम दुसरा नाही.

याच्या उलटाही एक रोग आहे. कोणी तक्रार केली की त्याच्यासाठी नवा वर्ग! समजा साठ गाड्या आणि तीस वर्ग. मग वर्गात मी एकटाच. पहिलाही मी, शेवटचाही मीच. असली ट्रॉफी आईला फोन करून सांगायलाही लाज वाटते.

यावर तोडगा म्हणजे पॅक्स निर्देशांक. प्रत्येक वर्गाला एक गुणक, आणि आपला वेळ गुणिले तो गुणक. समजा माझे ५० सेकंद आणि गुणक ०.८०, तर ४०.००. दुसऱ्याचे ४६ सेकंद आणि गुणक ०.८६, तर ३९.५६. म्हणजे चार सेकंदांचा फरक अर्ध्या सेकंदाच्याही आत आला! गुणक चांगल्या ड्रायव्हरांच्या निकालांवरून काढतात, त्यामुळे झिजलेल्या टायरच्या सिव्हिकला तो थोडा जाचतोच. तरी पुष्कळ स्थानिक क्लब सगळ्या नवख्यांना एकाच 'नोव्हिस' वर्गात घालून पॅक्सने निकाल लावतात, ते मला पटलं. मी दुसऱ्या एका क्लबात तसा खेळलो, मधेच कुठेतरी आलो, आणि पुढच्या वेळी पुन्हा गेलो. माझ्यावर कोण होतं, ते मला नावानिशी माहीत झालं होतं.

पण एक चूक तिथेही बघितली. या खेळात अर्धा वेळ गाडी चालवायची आणि अर्धा वेळ मैदानात उभं राहून पडलेले कोन उचलायचे. नवखे सगळे एकाच फेरीत ठेवले तर कोन उचलायलाही तेच एकत्र. शेजारी उभं राहून "अरे, ब्रेक उशिरा मारतोयस" सांगणारं कुणीच नाही. वर्ग एक ठेवा, पण फेऱ्यांत त्यांना वाटून टाका.

आपल्याकडच्या आरसी कार स्पर्धेत फर्स्ट इयरची पोरं एकदा येतात आणि सेकंड इयरला फक्त बघायला उभी राहतात. कारण समोर फायनल इयरच्या बाहेरून मागवलेल्या मोटरी. यंदा मी दोन वर्ग सुचवलेत: एकात मोटर आणि बॅटरी खोक्यातून आली तशीच, दुसऱ्यात वाट्टेल ते. पहिल्या वर्गात एकदा नंबर आला की पुढच्या वर्षी दुसऱ्यात. टायरबद्दल अजून वर्कशॉपमध्ये भांडणं चालू आहेत.