तहान आणि पाप : 'व्हॅम्पिरेला' या चित्रकथेचा विचार

भयकथा, आणि त्यातही चित्रकथा म्हटली की वाङ्मयाचे अभ्यासक सहसा पाठ फिरवतात. गाडीत वेळ घालवण्यासाठी वाचावी आणि उतरताना बाकावरच सोडून द्यावी, अशा वस्तूंत तिची गणना होते. परंतु ज्या प्रकाराला आवर घालण्यासाठी एका मोठ्या देशात आचारसंहिता करावी लागली, तो अगदीच क्षुद्र असेल असे मला वाटत नाही. प्रस्तुत लेखात 'व्हॅम्पिरेला' या अमेरिकन चित्रकथेचा त्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

प्रथम पार्श्वभूमी. १९५४ मध्ये फ्रेड्रिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञाचे 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुलांच्या गुन्हेगारीला चित्रकथा हातभार लावतात, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे चौकशी झाली आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी आपण होऊन 'कॉमिक्स कोड' स्वीकारला. व्हॅम्पायर, चालती प्रेते वर्ज्य. शीर्षकात 'हॉरर' हा शब्द वर्ज्य. आणि प्रत्येक वेळी सत्प्रवृत्तीचाच विजय सक्तीचा! वर्दमला केवळ प्रतिगामी म्हणून मोडीत काढणे योग्य नव्हे. हार्लेमसारख्या वस्तीत त्याने गोरगरिबांसाठी दवाखाना चालवला होता. मात्र त्याने पुस्तकातील पुराव्यात फेरफार केल्याचे कॅरोल टिली यांनी त्याची कागदपत्रे तपासून २०१२ मध्ये दाखवून दिले.

जेम्स वॉरन या प्रकाशकाने या संहितेतून पळवाट काढली. मोठ्या आकाराची, कृष्णधवल चित्रांची मासिके संहितेच्या कक्षेत येत नव्हती. १९६४ मध्ये त्याने 'क्रीपी' काढले आणि १९६९ च्या सप्टेंबरात 'व्हॅम्पिरेला'. मूळ कल्पना फॉरेस्ट अॅकरमनची, पोशाखाची योजना ट्रिना रॉबिन्स यांची, तर पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ फ्रँक फ्राझेटाचे.

कथेची कल्पना विलक्षण आहे. ड्राकुलॉन नावाच्या ग्रहावर नद्यांतून पाण्याऐवजी रक्त वाहते. ते आटू लागते. अशा वेळी पृथ्वीवरून एक यान येते आणि व्हॅम्पिरेलाला कळते, की या परक्या प्राण्यांच्या धमन्यांतही तेच जीवन वाहत आहे. आरंभीच्या कथा थट्टेच्या सुरात होत्या. आठव्या अंकापासून आर्ची गुडविनने लेखन हाती घेतले आणि सूर गंभीर झाला. पृथ्वीवर एक डॉक्टर तिला रक्ताऐवजी चालेल असे औषध देतो. हे औषध वेळेवर मिळाले नाही, तर मात्र समोरच्या माणसाचा जीव धोक्यात! व्हॅन हेल्सिंग घराण्यातील बापलेक तिच्या मागावर असतात. त्यांतील मुलगा अॅडम तिच्या प्रेमात पडतो.

माझ्या मते या चित्रकथेचे मर्म येथे आहे. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'मध्ये (१८९७) रक्ताची तहान हेच पाप आहे. व्हॅम्पिरेलाच्या बाबतीत तहान ही तिच्या जातीची नैसर्गिक गरज आहे. पाप घडेल ते ती कोणाच्या जिवावर भागवली यावरून. रूढ अर्थाने ती नायिका नाही, खलनायिकाही नाही; समीक्षक जिला 'अँटी-हिरॉइन' म्हणतात ती हीच. सुष्ट आणि दुष्ट यांची चोख वाटणी मागणाऱ्या संहितेत अशा पात्राला जागाच नव्हती. त्यामुळे तिचा जन्म संहितेबाहेर झाला, हे ओघानेच आले.

आपल्याकडचा वेताळ येथे आठवतो. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळकथा इंग्रजीत आणताना त्याला 'व्हॅम्पायर'च म्हटले. पण हे नाव फसवे आहे. वेताळपंचविशीतला वेताळ प्रेतात राहतो, कूट प्रश्न घालतो आणि विक्रमाच्या बुद्धीची परीक्षा पाहतो. व्हॅम्पिरेलाला कोडे घालणारा कोणी दुसरा लागत नाही. ते तिच्या शरीरातच आहे.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. तिचा तोकडा पोशाख पाहता मासिकाचा ग्राहक कोण होता हे सांगायला नको. लेखक तिच्या मनातील द्वंद्व मांडतो आणि मुखपृष्ठ तिचे शरीर विकते. त्याच ट्रिना रॉबिन्स यांनी १९७० मध्ये केवळ स्त्रियांनी रचलेल्या चित्रकथांचा पहिला अंक सिद्ध करण्यात पुढाकार घेतला, हा योगायोग विचार करायला लावतो. मजकूर आणि चित्र यांतील ही ओढाताण व्हॅम्पिरेलाला शेवटपर्यंत सुटली नाही, असे मला म्हणावे लागते.

१९७१ मध्ये संहिता सैल झाली आणि व्हॅम्पायर परतले. १९७३ मध्ये 'टूम ऑफ ड्रॅक्युला'त ब्लेड अवतरला. वॉरनचा व्यवसाय १९८३ मध्ये बुडाला. व्हॅम्पिरेला मात्र इतर प्रकाशकांकडे जगली. बाल्कन लोककथांत व्हॅम्पायर बाप आणि मानवी आई यांच्या अपत्याला 'धाम्पीर' म्हणतात. २००२ च्या 'ब्लडरेन' या संगणकीय खेळातली, पुढे चित्रकथांत आलेली रेन ही अशीच अर्धी व्हॅम्पायर. तिच्यासाठी वाट कोणी मोकळी केली, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

अभिरुचीच्या नावाखाली जे वाचू नये असे सांगितले जाते, त्यात पुष्कळदा खरोखरच टाकाऊ असते. पण कधीकधी त्यातच आपल्या काळाचा एखादा अवघड प्रश्न दडलेला असतो. आपली भूक दुसऱ्याच्या जिवावर न भागवता जगता येईल काय, हा प्रश्न केवळ व्हॅम्पायरचा नाही. तो नीतिशास्त्राच्या तासालाही विचारता येईल.