परदेशी सौदा आणि लवादाचे कलम

सौदा ठरविताना माल, भाव आणि मुदत यांची आपण घटकाघटका घासाघीस करतो. लवादाचे कलम मात्र छापील नमुन्यात असेल तसेच राहू देतो. त्याची किंमत काय पडते हे पाहण्यास दूर जावयास नको.

9 मे 1997 रोजी भाटिया इंटरनॅशनल व बल्क ट्रेडिंग यांच्यात करार झाला. तंटा उद्भवल्यास आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या नियमांप्रमाणे लवाद व्हावा, असे त्यात होते. तंटा उद्भवला, लवादाचे स्थान पॅरिस ठरले, आणि बल्क ट्रेडिंगने अर्ज केला तो आपल्या इंदूरच्या न्यायालयात! मागणी अशी की, प्रतिपक्षाने आपली मालमत्ता हस्तांतरित करू नये. ती योग्यच म्हणावी लागेल. वसुलीस काही उरलेच नाही, तर निवाड्याचा कागद घेऊन काय करावयाचे? भाटियांचे म्हणणे असे की, 1996 च्या लवाद अधिनियमाचा पहिला भाग भारतात चालणाऱ्या लवादापुरताच आहे. इंदूरचे न्यायालय, उच्च न्यायालयाचे येथील खंडपीठ आणि अखेर 13 मार्च 2002 रोजी सर्वोच्च न्यायालय या तिघांनीही अर्ज ग्राह्य धरला. पक्षकारांनी तो भाग स्पष्टपणे वा अर्थतः वगळला नसेल, तर तो परदेशातील लवादासही लागू, असे ठरले.

परंतु याच आधारे परदेशातील निवाडे येथे रद्द करून घेण्याचीही वाट उघडली. 6 सप्टेंबर 2012 रोजी घटनापीठाने 'बाल्को' प्रकरणात हा नियम मोडीत काढला. मात्र त्या दिवसानंतरच्या करारांपुरताच. मग अंतरिम संरक्षणही गेले. ते 2015 च्या दुरुस्तीने, उलट करार नसल्यास, परत मिळाले.

तेव्हा जुना करार हाती घेतला की प्रथम त्याची तारीख पाहावी. नव्या करारात लवादाचे स्थान, लागू कायदा, भाषा आणि लवादांची संख्या स्पष्ट लिहावी. लवादाचे स्थान एक आणि बैठकीची जागा दुसरी असू शकते. निवाडा रद्द करण्याचा अधिकार मात्र स्थानाच्या न्यायालयाकडे असतो. लहान रकमेच्या सौद्यास तीन लवाद नेमणे आम्हांस तरी परवडणारे वाटत नाही. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. 1958 च्या न्यूयॉर्क कराराखाली परदेशी निवाडा येथे अमलात यावयाचा, तर तो ज्या देशात झाला तो देश केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेला असावा लागतो. स्थान निवडण्यापूर्वी ही यादी आपल्या वकिलाकडून पाहून घ्यावी.