भुकेवर विसंबू नको

चि. सुहास,

दादाच्या गालाच्या ऑपरेशनची जखम भरली आणि सोमवारपासून रेडिएशन, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिनचं सलाईन, असं तू कळवलंस. आठवड्यातले पाच दिवस, एकूण तीसेक वेळा शेक, म्हणजे सहा-सात आठवडे. 'त्यांना काय खायला घालू?' हा तुझा प्रश्न. पदार्थांची यादी आहारतज्ज्ञ देतीलच. मला त्याआधीचं सांगायचं आहे. किती खायचं-प्यायचं हे आपण जन्मभर भूक, चव आणि तहान यांना विचारून ठरवतो. या उपचारात हे तिन्ही साक्षीदार फितूर होतात. त्यांच्या साक्षीवर दादाचं जेवण ठरवू नको. वजनकाटा आणि मापाचं भांडं, या दोघांचं ऐक.

हे असं का होतं ते आधी समजून घे. तोंडाच्या आतलं अस्तर एक-दोन आठवड्यांत नवं होत असतं. रेडिएशनमुळे हे नवं होणं मंदावतं, जुनं झिजत राहतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं. शेवटी शेवटी त्रास सर्वांत जास्त असतो आणि शेवटच्या शेकानंतरही तो दोन ते चार आठवडे रेंगाळतो. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आटते, चिकट आणि तारेसारखी होते. चव जाते, वरणही मातीसारखं लागतं. सिस्प्लॅटिनने मळमळ होते ती वेगळीच. म्हणजे भूक मरते, पण शरीराची गरज कमी झालेली नसते. जखमा भरायला उलट प्रथिनं जास्त लागतात. रोज वजनाच्या दर किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, असा सर्वसाधारण हिशेब आहे. माणूस ६० किलोचा असेल तर १५०० ते १८०० कॅलरी, ६० ते ९० ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे दोन लिटर द्रव. डॉक्टरांनी दादासाठी वेगळा आकडा दिला तर तोच धर.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं वाटेल. शेक घेताना चेहऱ्यावर बसवतात तो जाळीदार साचा नीट बघ. तो गालाला घट्ट बसतो, म्हणूनच किरण रोज त्याच जागी पडतात. वजन उतरून गाल बसले की साचा सैल होतो. प्रसंगी पुन्हा स्कॅन, पुन्हा नियोजन करावं लागतं. अशक्तपणाने शेक चुकले तर नुकसान आणखी मोठं, कारण तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला की दर दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते. पाणी कमी पडलं तर सिस्प्लॅटिनचा मार थेट मूत्रपिंडांवर बसतो आणि पुढचा डोस थांबवावा लागतो. लिस्बनमधला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ७५ रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला रोजच्याच जेवणात बदल करून देणारा नियमित आहारसल्ला, दुसऱ्याला प्रथिनयुक्त तयार पेय, तिसऱ्याला मनाप्रमाणे खाण्याची मोकळीक. रेडिएशनच्या काळात पहिल्या दोन गटांचं खाणं वाढलं, तिसऱ्याचं घटलं. तीन महिन्यांनंतर वाढलेलं खाणं टिकलं ते फक्त पहिल्या गटाचं. 'जमेल तसं खा' हा सल्ला प्रेमाचा असला तरी पुरेसा नाही, तो यामुळे.

आता घरातून जे आक्षेप येतील त्यांच्याकडे वळू. पहिला लंघनाचा: भूक नसताना खाऊ नये. दोन दिवसांच्या तापाला किंवा अजीर्णाला ते चालून जाईल. इथे भूक पोट बिघडल्यामुळे मेलेली नाही, उपचारामुळे मेली आहे, आणि मुक्काम सात आठवड्यांचा आहे. दुसरा आक्षेप शास्त्राचा वेश घेऊन येतो: साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात, हे ओटो वारबुर्गने १९२० च्या दशकात दाखवलं, ते खरंच आहे. पण खाणं तोडलं तरी रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. शरीर स्वतःचे स्नायू मोडून ते तयार करतं. म्हणजे गाठीला मिळायचं ते मिळतच राहतं आणि दादाचे दंड तेवढे वाळतात. मधुमेह असेल तर साखरेचं गणित डॉक्टरांकडून मांडून घे. नसेल तर खिरीतल्या गुळाला भिऊ नको.

तिसरा आक्षेप सर्वांत फसवा: 'पेज जाते आहे, नारळपाणी घेतात, शिवाय सलाईन लावलं आहे.' सलाईनच्या बाटलीवरचं लेबल वाच. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरच्या आतच कॅलरी. एका भाकरीची बरोबरीही ती करत नाही, आणि प्रथिनं शून्य. नारळपाणी आणि वरवरची पेज हीही बहुतांशी पाणीच. तेव्हा वाटी तेवढीच ठेव, पण आतला ऐवज वाढव. नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात शिजव, वर दुधाची पावडर आणि चमचाभर तूप घाल. त्या एका चमच्यातच ४५ कॅलरी असतात. मऊ वरणभातात उकडलेलं अंडं घालून मिक्सरमधून काढ. मिरची, लिंबू, टोमॅटो आणि गरम वाफा बंद. जेवणाआधी अर्धा तास वेदनाशामक द्यायचं का ते विचारून घे. निम्मं जेवण त्यावरच अवलंबून असतं. लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चुळा भरू दे. आणि एक धोका लक्षात ठेव. पाणी पिताना ठसका लागत असेल, आवाज ओला येत असेल, तर घोट श्वासनलिकेत उतरतो आहे. अशा वेळी 'आणखी पाणी पी' म्हणू नको. लगेच डॉक्टरांना कळव. घोट दाट करून द्यायचा का, हे तेच ठरवतील.

शेवटचा आक्षेप नळीचा. नाकातून नळी घातली म्हणजे आता संपलं, असं घरातले म्हणतील. आठवडा-दोन आठवडे गरजेच्या साठ टक्केही खाणं जात नसेल तर नळीचा विचार करावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. नळी बहुतेकांची तात्पुरती असते. गिळण्याची सवय मोडेल ही भीती मात्र खोटी नाही; म्हणून परवानगी असेल तोवर दोन-चार घोट तोंडाने चालू ठेवायचे आणि गिळण्याचे व्यायाम सोडायचे नाहीत. नळीने देताना दादाला उठवून बसव आणि नळीवरची नाकाजवळची खूण पाहा. ती सरकली असेल तर काहीही घालू नको. गाळलेलं २०० मिली अन्न सिरिंज उंच धरून आपल्या ओढीने उतरू दे, दट्ट्याने ढकलू नको. मग ३० ते ५० मिली पाणी, आणि निदान अर्धा तास आडवं होणं नाही.

घास मोजत बसलं की माणूस चिडेल, असं तू म्हणशील. मला उलट वाटतं. 'माझ्यासाठी दोन घास' या आर्जवात न खाणं हा दादाचा अपराध ठरतो आणि ताट हे रोजच्या भांडणाचं ठिकाण होतं. मापाच्या पेल्यात अपराध कुणाचाच नाही: सकाळी दहाचे २०० मिली झाले की झाले, गोळी घेतल्यासारखे. दर सोमवारी त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन कर. लघवी किती वेळा आणि कोणत्या रंगाची, ते वहीत वजनाशेजारी लिही. वजन आठवड्यात किलोभर उतरलं, लघवी गडद झाली किंवा उठताना भोवळ आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता वही घेऊन दवाखान्यात जा. चव परतायला कित्येक महिने लागतील. तोवर दादाला जेवण कसं लागलं हे विचारत बसू नको. झालं का, एवढंच विचार.

तुझी,
आत्या