पारा चढला नाही, तरी ऊन बाधतं का?

प्रश्न : माझ्या सासूबाई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जातात. परवा दुपारी त्यांना घेरी आली, उलटी झाली. सोबतच्या बायका म्हणाल्या, तंबाखू लागली. घरचे म्हणाले, ऊन बाधलं. पण त्या सावलीत होत्या, पारा चाळिशीच्या खाली होता आणि घाम तर दरदरून फुटला होता. मग ऊन कसं बाधेल?
– एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, रात्री गार वारा. त्यामुळे उष्माघात हा विदर्भाचा आजार, असं आपण धरून चालतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळा झाला, तेव्हा त्या भागात कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. तरी तासन्‌तास मैदानात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले.

शरीर गार होतं ते घाम येण्यानं नव्हे, घाम वाळण्यानं. वर तापलेला पत्रा, कोंडलेली हवा, धुळीसाठी तोंडाला फडकं, अशा ठिकाणी घाम नुसता निथळतो. वळीव पडून गेल्यावर पारा उतरतो, पण हवा दमट होते. तेव्हाही हेच घडतं. म्हणून सावलीतही ऊन बाधतं.

सोबतच्या बायकांचं म्हणणंही उडवून लावू नका. तंबाखूतलं निकोटीन ओल्या पानांतून कातडीवाटे आणि धुळीतून श्वासावाटे शरीरात जातं. त्यानंही मळमळ, डोकेदुखी, घेरी येते. नुसतं बघून दोन्हींतला फरक कळणं अवघड आहे. बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि हात-तोंड साबणानं धुवा. हे दोन्हींत उपयोगाचं.

खरी पारख बोलण्यावरून होते. नाव विचारा, आज वार कोणता ते विचारा. उत्तर नीट आलं तर सावलीत निजवा, कपडे सैल करा, जलसंजीवनी घोट-घोट पाजा. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पन्हं किंवा नाचणीची आंबीलही चालेल. तासाभरात उतार पडला नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत, तर दवाखाना गाठा.

उत्तर असंबद्ध आलं, तोल गेला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. कातडी कोरडीच हवी असं नाही; कष्टाचं काम करणाऱ्याला उष्माघातातही घाम येतो. लगेच गाडी बोलवायला सांगा, पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याहून लांब. कुठं न्यायचं यावर खल करण्यात मोलाची मिनिटं जातात. अंगावरच्या लुगड्यासकट पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर मान, काख, जांघेत ठेवा. वाटेतही हे चालू राहू द्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, ते फुप्फुसात जाईल. तापाची गोळी देऊ नका. हा ताप नव्हे, तिचा उपयोग होत नाही. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नका.

सासूबाईंना रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, तर उन्हाळ्यातल्या मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारा, आपल्या मनानं बंद करू नका. जत्रा किंवा लग्नसराई उरकून कामावर परतणाऱ्या बायकांना पहिले दिवस जास्त धोक्याचे असतात. शरीराला उष्णता अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या दिवसांत त्यांना हलकं काम, पिण्याचं पाणी आणि दुपारची विश्रांती देणं हे वखारमालकाचं कर्तव्य आहे, उपकार नव्हेत.

रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकच आहे. वखारीच्या दारावर तो खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला सांगा.